सोन्याचे कण की चमकणारे कण?

तापाच्या जलद चाचणीसाठी कोणती पट्टी घ्यावी, असा पेच पडतो. सोन्याच्या नॅनोकणांची पट्टी स्वस्त. लाल रेघ नुसत्या डोळ्यांनी दिसते, वीज लागत नाही. पण रेघ फिकट असली की दोघांचं एकमत होत नाही.

दुसरी पट्टी क्वांटम डॉट्सची, म्हणजे अतिनील प्रकाशात चमकणाऱ्या अतिसूक्ष्म अर्धवाहक कणांची. त्यांत कणाचा आकार बदलला की प्रकाशाचा रंग बदलतो: एकाच अतिनील दिव्याखाली लहान कण निळे-हिरवे, मोठे लाल. म्हणून रक्ताच्या एकाच थेंबात डेंग्यू आणि मलेरिया वेगळ्या रंगांत शोधता येतात. मला हे फार मोलाचं वाटतं. मात्र रीडर (ती चमक वाचणारं यंत्र) हवा, आणि कॅडमियम या विषारी धातूचे कण असतील तर विल्हेवाटही जपून.

घरोघरी एकाच आजाराची तपासणी असेल तर सोनं. सारख्या लक्षणांचे ताप वेगळे ओळखायचे असतील आणि रीडर सांभाळणारं कोणी असेल, तर चमकणारे कण.