ड्रीप धुवायला कोणतं अ‍ॅसिड घ्यावं: एचसीएल, फॉस्फरिक का सल्फॅमिक?

मोसंबीची बाग, बोअरचं क्षाराचं पाणी आणि दोन-तीन वर्षांत ड्रीपर चोक, जालना-अंबड-पैठण पट्ट्यात ही घरोघरची गोष्ट आहे. दुकानदार विचारतो कोणतं अ‍ॅसिड देऊ, आपण विचारतो स्वस्त कोणतं. मी म्हणतो भाव नंतर, आधी बघा की अ‍ॅसिड मिसळताना तुमच्या हाताशी धुवायला पाणी किती असतंय, त्यावरून ठरवा.

बहुतेक लोक एचसीएलच, म्हणजे हायड्रोक्लोरिक, आणतेत, ३० ते ३३ टक्क्यांचं. संडास-बाथरूमची बाटली याच्यापेक्षा लई पातळ असते, तिच्यावरून अंदाज बांधू नका. चुन्याचा थर फसफसून मोकळा करतं, स्वस्त आहे, कामाला तोड नाही. पण टोपण उघडलं की पांढरा धूर आणि नाकात झणका, आणि कॅन उन्हात तापलेली असली तर आतली वाफ फुस्सकन बाहेर येते सोबत शिंतोडे घेऊन. आमच्या चुलतभावाच्या डोळ्यात असाच एक थेंब उडाला, गॉगल गाडीच्या डिक्कीत, लाईट रात्रपाळीची म्हणून मोटार बंद, शेवटी प्यायच्या पाण्याचा २० लिटरचा जार आडवा करून डोळा धुतला आणि दहा मिनिटं व्हायच्या आत जार रिकामा. डोळ्याला निदान १५-२० मिनिटं सलग धार लागते, पापण्या बोटांनी उघड्या धरून, डोकं असं कलवून की पाणी चांगल्या डोळ्यात जाणार नाही. कारखान्यात डोळे धुवायच्या नळाला मिनिटाला दीड लिटर तरी धरतेत, म्हणजे १५ मिनिटांना साडेबावीस लिटर. एक जार पुरतच नाही. अंगावर सांडलं तर तिथल्या शॉवरचा हिशेब मिनिटाला ७५ लिटरच्या आसपास, काढा गुणाकार.

फॉस्फरिकला धूर नाही, झाडाला स्फुरद मिळतो तो वेगळा. महाग मात्र चांगलंच आहे. पाकासारखं घट्ट असल्यामुळं कातड्याला चिकटून बसतं, दुखणं लगेच जाणवलं नाही म्हणून गडी हात पुसून कामाला लागतो, तिथं फसतो. अजून एक, जड पाण्यात डोस कमी पडला तर कॅल्शियम फॉस्फेट खाली बसून नळ्या उलट्या जास्त चोक होतेत.

सल्फॅमिक म्हणजे पावडर. सांडलं तर झाडून घेता येतं, धूर नाही, शिंतोडे कमी. सावकाश काम करतं, म्हणून सगळ्या बागेला कंटाळवाणं, पण फिल्टर, कूलर किंवा काढून बादलीत भिजवलेले ड्रीपर यांना मी हेच वापरतो. पावडर आहे म्हणून उघड्या हातानं घ्यायचं नाही बरंका, डोळ्यात गेली तर तीच धार, तेवढीच मिनिटं.

सल्फ्युरिक शेतात आणूच नका. पाण्यात टाकताना उकळी फुटल्यासारखं तापतं, आणि चुन्याशी मिळून जिप्समचा न विरघळणारा थर बनतो तो निराळाच. कोणतंही असो, आधी पाणी, मग त्यात अ‍ॅसिड. आणि शेवाळासाठी ब्लिचिंग सोडलं असेल तर नळ्या नीट फ्लश झाल्याशिवाय अ‍ॅसिड सोडायचं नाही, दोन्ही मिळाले की क्लोरीन वायू.

वाळूजच्या कारखान्यांकडून कुणी स्टीलचा डाग काढायची पिकलिंग पेस्ट किंवा ‘गंज काढायचं भारी अ‍ॅसिड’ आणून दिलं तर परत करा. त्यात हायड्रोफ्लोरिक असू शकतं, सुरुवातीला दुखत नाही, काही तासांनी आतून ठणकतं, रक्तातलं कॅल्शियम ओढून हृदयाचे ठोके बिघडवतं. पाण्यानं धुणं आहेच, पण त्याला वर कॅल्शियम ग्लुकोनेटची जेल लागते, ती गावच्या मेडिकलवर कुठून मिळणार.

तर हाताशी २०० लिटरचा भरलेला ड्रम आणि पाणी ओतायला मगा असेल तर एचसीएल घ्या, ड्रम वाऱ्याच्या वरच्या बाजूला ठेवा, रबरी हातमोजे आणि गॉगल घाला. नुसता जार असेल तर शिंतोडे कमी म्हणून सल्फॅमिकवर भागवा, पण डोळ्यात गेलं तर जार तिथंही कमीच पडतो. विकत घेताना फोटो ओळखपत्र मागितलं तर चिडू नका, २०१३ च्या सुप्रीम कोर्टाच्या आदेशापासून दुकानदाराला नोंद ठेवावी लागते.

भाजलं तर भिजलेले कपडे आधी काढा, अंगठी-कडं पण, आणि धुवत राहा. खायचा सोडा, हळद, टूथपेस्ट काही लावू नका. कुणी चुकून प्यालं तर उलटी काढायची नाही, मीठपाणी नाही, तोंडातून खळखळून चूळ आणि लगेच दवाखाना. नाकातोंडात धूर गेलेला माणूस मोकळ्या हवेत टेकून बसवा, खोकला थांबला तरी दाखवा, फुप्फुसात पाणी काही तासांनी बी भरतं. १०८ ला फोन एकानं करायचा, दुसऱ्यानं धार सोडायची नाही. आणि कॅनवरच्या लेबलचा फोटो आजच मोबाईलमध्ये काढून ठेवा, घाटीत, म्हणजे संभाजीनगरच्या सरकारी दवाखान्यात, पहिला प्रश्न तोच येतो, कोणतं अ‍ॅसिड होतं.