भिंतीतून निघाला थर्माकोल

आमची दापोलीजवळ वडिलोपार्जित ११ गुंठे जागा आहे. तिथे दोन खोल्या उभ्या करायच्या तर गवंडी, वाळू, पाणी, सगळ्याच्या मागे पुण्याहून कोण धावणार? म्हणून प्रीफॅब घर घ्यायचं ठरवलं. कारखान्यात तयार होऊन ट्रेलरवर येणार, क्रेनने जोत्यावर ठेवलं की झालं. २० बाय ८ फुटांचे दोन डबे जोडून ३२० चौरस फूट, दर १,६५० रुपये, म्हणजे ५,२८,००० रुपये आणि वर जीएसटी. ५० टक्के ऑर्डरला, ४० टक्के गाडी निघण्याआधी, १० टक्के बसवल्यावर.

हे ४० टक्के नीट वाचा. घर डोळ्यांनी बघायच्या आत ९० टक्के पैसे गेलेले असतात.

कारखान्यात गेलो तेव्हा मालकाने पफ पॅनेलचा, म्हणजे दोन पत्र्यांमध्ये उष्णता अडवणारा पॉलियुरेथेन फोम भरलेल्या फळीचा, तुकडा हातात दिला. पिवळसर, घट्ट. "साहेब, ५० एमएम पफ. पत्रा तापला तरी आत एसी लागायचा नाही." मग व्हॉट्सॲपवर फोटो यायला लागले. एका फोटोत वायरिंग दाखवलं होतं, पण खिडकी डावीकडे. माझ्या नकाशात उजवीकडे. विचारलं तर म्हणाला, "फोटो उलटा आलाय." आणि मी ते ऐकून घेतलं! दुसऱ्याच कोणाचं तरी घर होतं ते. त्याच दिवशी गाडी काढून जायला हवं होतं. विटांचं बांधकाम येता-जाता दिसतं, हे घर मात्र भिंती बंद होऊनच दारात येतं.

एप्रिलमध्ये घर बसलं. दिसायला झकास. मे महिन्यात दुपारी आत थांबवेना. गावातला इलेक्ट्रिशियन एक्झॉस्ट फॅनसाठी भिंत कापत होता, तर कटरखालून पांढरे मणी उडायला लागले. त्याच्या घामेजल्या हातांना चिकटले. "दादा, हा तर गणपतीच्या मखराचा माल," म्हणाला. पफ कापलं की पिवळसर भुकटी पडते, हे मला तेव्हा कळलं.

जूनमध्ये दोन डब्यांच्या सांध्यातून धार लागली. वर पत्र्याची पट्टी नव्हतीच, नुसतं सिलिकॉन फासलेलं. मालक म्हणतो, "कोकणातला पाऊस आहे, साहेब." मग काय, मी घर राजस्थानसाठी सांगितलं होतं?

वकिलांना कागद दाखवले. कोटेशनमध्ये 'पफ' शब्दच नाही. 'इन्सुलेटेड सँडविच पॅनेल, ५० एमएम', एवढंच. थर्माकोलचं पॅनेलही त्यात बसतं. पफबद्दलचं सगळं बोलणं तोंडी. तरी एका व्हॉइस मेसेजमध्ये मालक स्वतः 'पफ' म्हणालाय, तो जपून ठेवलाय. जिल्हा ग्राहक आयोगात आता राहत्या जिल्ह्यातूनही तक्रार करता येते, मुदत दोन वर्षांची. कापलेला तुकडा पिशवीत घालून ठेवलाय.

शेवटचे ५२,८०० मी अडवून धरलेत. त्यासाठी त्याचा दर सोमवारी न चुकता फोन येतो. "साहेब, बॅलन्सचं काय?"