लिलावात माझ्याविरुद्ध बोली लावणारा माणूस यार्डाचाच निघाला

भाजीच्या धंद्यासाठी जुनी पिकअप हवी होती. हप्ते थकल्यामुळे ओढून आणलेल्या गाड्यांचा लिलाव होता, म्हणून वीस हजार अनामत भरून यार्डावर गेलो. घरून ठरवून निघालो होतो, दोन लाख साठ हजारांच्या वर जायचं नाही.

बोली दोन लाख दहापासून सुरू झाली. दोन चाळीसला बाकीचे गप्प झाले. उरलो मी आणि चौकटीच्या शर्टातला एक जण. मी पाच हजार वाढवले की तो लगेच पाच हजार वाढवी, गाडीकडे बघतसुद्धा नव्हता. तीन लाख पंधरा हजारांना गाडी माझ्या नावावर सुटली. संध्याकाळी फोन आला, "फायनान्स कंपनीचं अप्रूव्हल येत नाहीये, अजून दहा वाढवा, नाहीतर गाडी पुन्हा लिलावात जाईल." तेही दिले. हातोडा पडला म्हणजे व्यवहार पक्का, असं मी धरून चाललो होतो. कंपनीची मंजुरी येईपर्यंत बोली कच्ची असते हे शर्तींच्या इंग्रजी कागदात होतं आणि त्यावर मी न वाचता सही केली होती.

आठवड्याने कागदांसाठी गेलो तर तोच माणूस किल्ल्यांचा जुडगा घेऊन यार्डात गाड्या हलवत होता. त्या दिवशी त्याने 'घेतलेला' टेम्पो लिलावाचा नवा नंबर चिकटवून पुन्हा रांगेत उभा होता. माझ्या पोटात गोळा आला.

वकिलांनी सांगितलं, माल विक्री अधिनियम, १९३० च्या कलम ६४ प्रमाणे विकणाऱ्याने बनावट बोली लावून भाव चढवला तर खरेदीदार तो व्यवहार रद्द करू शकतो. पण पुरावा? आत मोबाईल काढू देत नव्हते.

म्हणून कळकळीने सांगतो, पहिल्या लिलावाला नुसते बघायला जा. कोण बोली जिंकतो आणि पैसे भरायला कोण खिडकीशी येतो, हे नीट बघा. गाडीचा नंबर एम-परिवहन या सरकारी अ‍ॅपवर टाकून थकलेली चलनं आणि फिटनेस तपासा. मी तपासलं नाही, साडेअकरा हजारांची चलनं माझ्या गळ्यात पडली. आरसी कोणाच्या नावावर आहे, हेही बोलीआधीच विचारा. मूळ मालक सही द्यायला येत नसेल, तर फायनान्सवाल्यांना फॉर्म ३६ भरून आधी ती स्वतःच्या नावावर करून घ्यावी लागते.

माझ्या गाडीचं ते काम चार महिने अडकलंय. पिकअप दारात उभी आहे आणि भाजी अजून भाड्याच्या टेम्पोतूनच जाते.