ऑफिसात विंडोज, घरी मॅक: व्हीएस कोडचे शॉर्टकट एकसारखे कसे ठेवायचे?

विंडोजमध्ये कंट्रोल बटणाने होणारी कॉपी-पेस्टसारखी कामं मॅकमध्ये कमांड बटणाने होतात. पर्याय दोन: मॅकमध्ये कंट्रोल आणि कमांडची अदलाबदल करणे, किंवा एडिटरमध्येच (म्हणजे व्हीएस कोड या कोड लिहिण्याच्या प्रोग्रॅममध्ये) शॉर्टकट नव्याने बांधणे.

मेहनत पाहिली तर अदलाबदल सोपी. सिस्टिम सेटिंग्ज, कीबोर्ड, कीबोर्ड शॉर्टकट्स, मॉडिफायर कीज. एका मिनिटाचं काम. बाहेरचा कीबोर्ड जोडत असाल तर त्याच्यासाठी ते वेगळं करावं लागतं. ब्राउझर, मेल सगळीकडे कॉपी-पेस्ट एका जागी येतं. पण टर्मिनलमध्ये (लेखी आज्ञा देण्याच्या खिडकीत) प्रोग्रॅम थांबवायचा कंट्रोल-सी आता कमांडच्या बटणावर जातो. शिवाय कंट्रोल-डावा बाण एक शब्द मागे नेण्याऐवजी थेट ओळीच्या सुरुवातीला नेतो, आणि खरा त्रास इथेच होतो.

एडिटरमध्ये बांधणी केली तर शब्दागणिक सरकणंही जुळवता येतं. मात्र आधी मिशन कंट्रोलचे (मॅकमधल्या उघड्या खिडक्या आणि डेस्कटॉप दाखवणाऱ्या सोयीचे) कंट्रोल-बाण शॉर्टकट बंद करा. नाहीतर मॅक ते स्वतःकडेच घेतो. कंट्रोल-सीला ‘एडिटरटेक्स्टफोकस’ (कर्सर एडिटरच्या मजकुरात असतानाच) ही अट लावा, म्हणजे टर्मिनल बिघडत नाही. व्हीएस कोडच्या सेटिंग्ज दोन्ही संगणकांवर सारख्या ठेवणाऱ्या सिंकमध्ये ‘कीबाइंडिंग्ज पर प्लॅटफॉर्म’ (विंडोज आणि मॅकचे शॉर्टकट वेगवेगळे ठेवणं) मुळातच चालू असतं. शॉर्टकटची एकच फाइल दोन्हीकडे हवी असेल तर ते बंद करा.

दिवसभर ब्राउझर, मेल आणि थोडं कोडिंग असेल तर अदलाबदल पुरेशी आहे. टर्मिनलवर राबणाऱ्यांनी, किंवा मॅक इतरांसोबत वापरणाऱ्यांनी, एडिटरमध्येच बांधणी करावी.