‘मिळालेली रक्कम : ०.००’ – भूमध्य समुद्रातल्या क्रूझच्या नावाखाली गेलेले १०,१४,३०० रुपये

आकडा आधीच सांगतो. दहा लाख चौदा हजार तीनशे रुपये. दोघांच्या क्रूझ सहलीसाठी ट्रॅव्हल एजंटला दिलेले. परत आलेले शून्य. एका खात्यात ११,६४० रुपये गोठवलेत म्हणे, तेही अजून हातात नाहीत. ही रक्कम नातेवाइकांसमोर उच्चारायची लाज वाटते, पण गप्प बसलो तर पुढचा माणूस तशाच कागदावर विश्वास ठेवेल.

पॅकेज असं होतं : ऑक्टोबर २०२५, छोटं लक्झरी जहाज, दोनशेच्या आसपास प्रवासी. अथेन्सच्या पिरियस बंदरातून निघून कोटोर, दुब्रोव्निक, ह्वार करत व्हेनिस, सात रात्री. मग रेल्वेने फ्लॉरेन्स, तिथे तीन रात्री. विमानभाडं वेगळं. माणशी ४,६०,००० प्रमाणे दोघांचे ९,२०,०००. त्यावर ५ टक्के जीएसटी ४६,०००. आणि या बेरजेवर तेव्हाच्या दराने ५ टक्के टीसीएस (विक्रेत्याने गोळा करून सरकारकडे भरायचा आयकर) ४८,३००. पैसे तीन हप्त्यांत गेले. २१ एप्रिलला २,५०,०००, ९ मे रोजी ३,६४,३०० आणि २ जूनला ४,००,०००. सगळे आरटीजीएसने, म्हणजे थेट बँक खात्यात.

भाव संशय यावा इतका स्वस्त नव्हता, हे मुद्दाम सांगतो. अर्ध्या किमतीला भुलून पैसे घालवलेले नाहीत. विक्रेत्याला विषय पक्का माहीत होता. २५,००० टनांवरच्या जहाजांना ऑगस्ट २०२१ पासून व्हेनिसच्या ज्युदेक्का कालव्यातून जाता येत नाही, म्हणून छोटं जहाज घ्या. ह्वारला धक्क्याला न लागता टेंडर बोटीने, म्हणजे किनाऱ्यापर्यंत नेणाऱ्या छोट्या बोटीने, उतरावं लागू शकतं. अशा गोष्टी तो न विचारता सांगायचा. अशा माणसावर विश्वास बसतोच.

आणि तपासणी केली नव्हती असंही नाही. बुकिंग क्रमांक आल्यावर दोन दिवसांत जहाज कंपनीला थेट मेल टाकला. उत्तर आलं : हा क्रमांक आमच्याकडे आहे, तपशिलासाठी आपल्या एजंटशी बोला. फ्लॉरेन्सच्या हॉटेलनेही नावासकट खोली असल्याचं कळवलं. यापुढे सामान्य माणसाने काय तपासायचं?

एक गोष्ट तपासायची राहिली. तोच सगळा खेळ होता.

क्रूझ कंपन्या एजंटला केबिन काही दिवस विनापैसे धरून ठेवू देतात. धंद्यात याला ‘ऑप्शन’ म्हणतात. क्रमांक खरा, प्रवाशांची नावं खरी, डेक आणि केबिन खरी. ठरलेल्या तारखेपर्यंत अनामत भरली नाही की केबिन आपोआप सुटते. हॉटेलचंही तसंच : मोफत रद्द करता येणारं, पैसे नंतर भरायचे असं आरक्षण कुणीही करू शकतो. म्हणजे ज्या दिवशी मेल टाकून खात्री केली, त्या दिवशी दोन्ही आरक्षणं खरोखरच होती. फक्त त्यांच्यापोटी कुणी एक पैसा भरलेला नव्हता.

आणि हे बुकिंगच्या कागदावर छापलेलं होतं! दुसऱ्या पानावर, तळाशी, डाव्या बाजूला. स्थिती : ऑप्शन. मुदत : २८ एप्रिल. मिळालेली रक्कम : ०.००. अडीच लाख २१ तारखेला गेले होते, कागद २२ तारखेचा. ते पान किमान चार वेळा उघडलं. केबिन खिडकीची की बाल्कनीची हे पाहिलं, जेवण आणि वाइन धरली आहे का हे पाहिलं. शून्यही दिसलं होतं. विक्रेत्याला विचारलंसुद्धा. ‘आमचा हिशेब कंपनीशी महिनाअखेरीला होतो, म्हणून तिथे शून्यच दिसतं.’ हे उत्तर मान्य केलं. अनामत जमा झाल्याशिवाय कोणतीही क्रूझ कंपनी केबिन पक्की करत नाही. त्या क्षणी थांबलो असतो तर ७,६४,३०० रुपये वाचले असते. हे गणित रोज रात्री डोक्यात येतं.

बाकीच्या खुणाही होत्याच. टीसीएस घेतला, पण पॅन मागितला नाही. पॅन नसेल तर दर दुप्पट लागतो. ५ टक्के लावून पॅन न मागणारा माणूस तो कर भरणारच नाही. भरलेला टीसीएस आयकर खात्याच्या साइटवरच्या तुमच्या कर-उताऱ्यात दिसायला हवा; एप्रिल ते जूनचं विवरणपत्र विक्रेत्याला १५ जुलैपर्यंत भरावं लागतं, त्यानंतर बघाच. व्हिसाबद्दल तो म्हणाला, सिंगल एन्ट्री पुरेल. साफ चूक! कोटोर मॉन्टेनेग्रोत आहे, म्हणजे शेंगेनच्या (युरोपातल्या सामायिक व्हिसाच्या प्रदेशाच्या) बाहेर. तिथून दुब्रोव्निकला येणं म्हणजे शेंगेनमध्ये दुसऱ्यांदा प्रवेश. क्रोएशिया जानेवारी २०२३ पासून शेंगेनमध्ये आहे. मल्टिपल एन्ट्री नसेल तर पिरियसलाच जहाजावर चढू देणार नाहीत. खरोखर माणसं पाठवणारा एजंट ही चूक करत नाही.

क्रेडिट कार्डाने भरू म्हटलं तर ३ टक्के जादा, म्हणजे ३०,४२९ रुपये. ते वाचवायला आरटीजीएस केलं आणि चार्जबॅकचा, म्हणजे कार्डाच्या बँकेकरवी पैसे परत मागण्याचा, हक्क हातचा घालवला. खातं जोडताना बँकेच्या पडद्यावर खातेदाराचं नाव वेगळंच आलं. ‘आमचीच ग्रुप कंपनी,’ विक्रेता म्हणाला. नाव जुळत नसेल तर पैसे पाठवू नका, कारण काहीही सांगोत.

१४ जुलैला बंदरावरच्या सहली निवडायला जहाज कंपनीच्या साइटवर क्रमांक टाकला. सापडला नाही. १६ तारखेला कंपनीचं उत्तर : ऑप्शन २८ एप्रिललाच संपला. विक्रेत्याचा फोन त्याच संध्याकाळपासून बंद.

मग सुरू झाली दुसरी वणवण. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, पोचपावती मिळाली. तोवर पैसे खात्याखात्यांतून पुढे गेलेले. ही सोय पहिल्या काही तासांसाठी आहे, सहा आठवड्यांनी नाही. बँकेच्या शाखेत उत्तर मिळालं, ‘तुम्ही स्वतः ओटीपी टाकून पाठवलेत, आम्ही काय करणार?’ ज्या खात्यात लाखो रुपये येऊन त्याच दिवशी निघून जातात, ते खातं उघडलं कसं, हे विचारल्यावर अर्ज द्या म्हणाले. अर्ज दिला. स्मरणपत्रंही तीन दिली. पोलीस ठाण्यात पहिल्याच वाक्यात ‘हे दिवाणी प्रकरण आहे’. दुसऱ्या खेपेला ‘कंपनी दुसऱ्या शहरातली, तिकडे जा’. तिकडच्यांनी फोनवर सांगितलं, तुमच्याकडेच नोंदवा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्दीचं कारण सांगून तक्रार नाकारता येत नाही, ही छापील प्रत टेबलावर ठेवल्यावर पाचव्या खेपेला गुन्हा नोंदला गेला, भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८(४), म्हणजे फसवणुकीच्या कलमाखाली. पाच खेपा! तोवर विक्रेत्याच्या कार्यालयाला कुलूप. आणि वर एक अधिकारी विचारतो, ‘एवढे पैसे न बघता दिलेत कसे?’ चोराला हा प्रश्न अजून कुणी विचारलेला नाही.

ग्राहक आयोगात आपल्या राहत्या जिल्ह्यात दाद मागता येते. पन्नास लाखांपर्यंतचा व्यवहार जिल्हा आयोगाकडे जातो, दहा ते वीस लाखांसाठी शुल्क ४०० रुपये. वकिलाशिवायही अर्ज करता येतो. आम्ही केलाय, विक्रेत्याला पाठवलेली नोटीस पत्ता सापडत नाही म्हणून परत आली आहे.

तुमच्याकडे असा कागद असेल तर आत्ताच उघडा. पहिलं पान सोडा. स्थिती, मुदत आणि मिळालेली रक्कम, हे तीन रकाने बघा. रक्कम शून्य असेल तर पुढचा हप्ता थांबवा आणि जहाज कंपनीला एकच प्रश्न विचारा : अनामत जमा झाली का, कोणत्या तारखेला? ‘बुकिंग आहे का’ असं विचारू नका. त्याचं उत्तर आम्हालाही ‘आहे’ असंच आलं होतं.