पहिल्या रात्री डिस्प्ले नाही, आता आठ महिने झाले: सेलूत घरी जोडलेला कॉम्प्युटर

२०२४च्या दसऱ्याला मी स्वतःच्या हाताने जोडलेला कॉम्प्युटर सुरू केला. आता जून लागलाय. या आठ महिन्यांत त्याच्यावर पन्नासेक घरांचे नकाशे निघाले, दोन मंगल कार्यालयांची थ्रीडी चित्रं झाली आणि एकही पार्ट बदलावा लागला नाही. हे आधीच सांगते, कारण पहिल्या रात्री माझी खात्री झाली होती की मदरबोर्ड जळालं. संभाजीनगरचा दुकानदारही फोनवर तेच म्हणाला, "बोर्ड गेलं असेल, घेऊन या."

सेलूहून संभाजीनगर म्हणजे जालना ओलांडून रेल्वेने जायचं, त्यात अख्खा दिवस मोडतो. वॉरंटीला दिलेला पार्ट तिथून पुढे कंपनीकडे जाणार आणि परत यायला महिना सहज लागणार. पुण्यातला माणूस मित्राकडून रॅम आणून लावून बघतो. आपल्या तालुक्याच्या गावात डीडीआर५ रॅम उसनी कोण देणार? घरात जे आहे त्याच्यावरच दोष शोधावा लागतो. माझी ती रात्र कशी गेली ते म्हणून सविस्तर लिहिते.

सामान असं होतं: रायझन ५ ७६०० प्रोसेसर, त्याच्यासोबतच आलेला कूलर, बी६५० चिपसेटचं बोर्ड, १६ जीबीच्या दोन डीडीआर५ रॅम, १ टीबीची एनव्हीएमई एसएसडी, ६५० वॅटचा एसएमपीएस (सगळ्या पार्टांना वीज पुरवणारा डबा) आणि ८ जीबीचं ग्राफिक्स कार्ड. रॅम आणि एसएसडी ऑनलाइन मागवली, बाकी दुकानातून.

खंडेनवमीला संध्याकाळी जोडून झालं. बटण दाबलं तर काहीच नाही. पंखा नाही, लाइट नाही. एसएमपीएसच्या मागचं बटण चालू होतं, २४ पिनचा मोठा प्लग आणि प्रोसेसरच्या वरच्या कोपऱ्यातला ८ पिनचा प्लग, दोन्ही घट्ट बसलेले. (तो ८ पिनचा प्लग विसरला तर पंखे फिरतात पण डिस्प्ले येत नाही. ग्राफिक्स कार्डाचाही ८ पिनचा प्लग असतो, पण तो वेगळा. जोर लावून भलतीकडे बसवू नका.) मग बोर्डाचं पुस्तक उघडलं. कॅबिनेटच्या बटणाची बारकी वायर एक पिन सोडून पुढे लागली होती. पक्कं करायला ती काढली आणि पुस्तकात दाखवलेल्या त्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवलं. पंखे फिरले. बटणाच्या वायरीला उलट-सुलट नसतं, लाइटच्या वायरींना असतं, एवढं लक्षात ठेवलं की ही अडचण पाच मिनिटांची.

खरी रात्र त्यानंतर सुरू झाली. पंखे फिरतायत, स्क्रीन काळी, आणि कुठे अडलंय ते दाखवणाऱ्या बोर्डावरच्या चार बारक्या लाइटांपैकी रॅमची पिवळी लाइट पेटलेली. मी पाऊण मिनिट वाट बघायची आणि बंद करायची. असं तीनदा केलं. चौथ्यांदा जरा जास्त थांबले तर घरातलीच लाइट गेली. सासूबाईंनी पूजेसाठी झेंडूच्या माळा करून ठेवल्या होत्या आणि मी अंधारात बॅटरी धरून कॅबिनेटमध्ये बघत बसलेली.

पुण्यात शिकणाऱ्या भाच्याला फोन लावला. तो म्हणाला, "मावशी, सारखी बंद काय करायलीस? पिवळी लाइट लागली की हात लावू नको. दहा मिनिटं बस गप."

त्याने सांगितलेलं कारण मी नंतर वाचून नीट समजून घेतलं. माझी रॅम ६०००ची, म्हणजे सेकंदाला ६०० कोटी वेळा देवाणघेवाण. एवढ्या वेगात प्रोसेसर आणि रॅम यांच्यामधल्या प्रत्येक रेघेवर सिग्नल कधी पाठवायचा आणि कधी वाचायचा, हे बोर्डाला पहिल्यांदा सुरू होताना तपासून ठरवावं लागतं. त्याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात. ते चालू असताना स्क्रीनवर काही येत नाही. दोन-पाच मिनिटं लागतात, कधी त्याहून जास्त. मध्येच करंट तोडला की सगळं पहिल्यापासून. मी दर पाऊण मिनिटाला तेच करत होते. पुस्तकात याबद्दल एक ओळ होती, तीही शेवटच्या पानांत. मला वाटतं ती खोक्याच्या झाकणावर ठळक छापायला हवी. चांगली बोर्डं केवळ या एका ओळीमुळे दुकानात परत जात असतील.

लाइट आली. दहा मिनिटं बसले, बारा झाली, तरी काही नाही. मग दुसरा दोष सापडला. माझ्या बोर्डाच्या रॅमच्या खाचेला एकाच बाजूला खटका आहे. तो खट्ट वाजला की रॅम बसली असं वाटतं, पण दुसरं टोक एका रॅमचं किंचित वर राहिलं होतं. कडेने डोळा लावून पाहिलं तेव्हा सोनेरी रेघ दिसली. दोन्ही काढल्या. एकच रॅम घेतली, प्रोसेसरपासून दुसऱ्या खाचेत, म्हणजे ए-२ मध्ये, दोन्ही टोकं दाबून बसवली. ग्राफिक्स कार्ड काढून ठेवलं, कारण या प्रोसेसरमध्ये स्वतःचं ग्राफिक्स आहे. मॉनिटरची वायर बोर्डाला लावली. सगळा करंट बंद करून बोर्डावरचा गोल सेल काढला, पाच मिनिटांनी परत घातला, म्हणजे जुन्या अर्धवट नोंदी पुसल्या जातात. बटण दाबलं आणि मोबाइलवर वेळ लावली. चार मिनिटं दहा सेकंदांनी बायोसचा, म्हणजे बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगचा, पडदा आला.

मग प्लग काढून दुसरी रॅम चौथ्या खाचेत, बी-२ मध्ये. परत काळी स्क्रीन, परत तीन मिनिटं. मग ग्राफिक्स कार्ड, आणि मॉनिटरची वायर बोर्डावरून काढून कार्डाला. एका वेळी एकच गोष्ट बदलायची हे मी त्या रात्री शिकले. कोणत्या बदलाने काय झालं ते नकाशाच्या रद्दी कागदावर वेळेसह लिहून ठेवलं. तो कागद अजून कॅबिनेटच्या आतल्या बाजूला चिकटवलेला आहे.

शेवटी त्या चार लाइटांपैकी बूटची, म्हणजे विंडोज सुरू होण्याची, लाइट पेटून राहिली. कोऱ्या एसएसडीत विंडोज नसताना ती पेटणारच. विंडोज ११ टाकताना इंटरनेट मागितलं, पण वायफायचा ड्रायव्हर त्यात नव्हता. मोबाइल यूएसबी वायरने जोडून टेदरिंग केलं आणि काम झालं. दसऱ्याला सकाळी आपट्याचं पान आणि हळद-कुंकू वाहिलं ते चालू कॉम्प्युटरला.

आता आठ महिन्यांचं. रॅमचा एक्सपो प्रोफाइल, म्हणजे रॅम पूर्ण वेगाने चालवायची बायोसमधली सेटिंग, दुसऱ्या दिवशी चालू केला. तो लावला नाही तर ६०००ची रॅम ४८००वरच चालते. लावल्यावर पुन्हा ट्रेनिंग झालं, पण यावेळी मी शांत होते. रोज सुरू व्हायला पाऊण मिनिट लागायचं. बायोसमध्ये मेमरी कॉन्टेक्स्ट रिस्टोअर (आधीच्या ट्रेनिंगचे आकडे जपून वापरायची सोय) चालू केल्यावर ते वीस सेकंदांवर आलं. जानेवारीत बायोस अपडेट केलं तेव्हा ट्रेनिंग परत झालं आणि पहिल्या रात्रीसारखीच काळी स्क्रीन पुन्हा आली. यूपीएस नसेल तर बायोस अपडेटला हातही लावू नका. मध्ये लाइट गेली तर बोर्ड खरंच जाऊ शकतं.

आणि अर्थिंग. पहिल्या रात्री अनवाणी पायाने कॅबिनेटच्या मागच्या पत्र्याला हात लागला की बोटाला झिणझिण्या यायच्या. मी ते एसएमपीएसचा दोष समजत होते. आमच्या गल्लीतले वायरमन मामा आले, मीटर लावलं आणि म्हणाले, "ताई, सॉकेट तीन पिनचं हाय, पण तिसऱ्या पिनला वायरच नाही बगा." फेज आणि न्यूट्रलमध्ये २२८ व्होल्ट, फेज आणि अर्थमध्ये ९०च्या आसपास नाचणारा आकडा. एसएमपीएसच्या आत फिल्टरचे बारके कपॅसिटर पत्र्याला जोडलेले असतात. अर्थिंग नसलं की पत्र्यावर जवळजवळ अर्धं व्होल्टेज तरंगत राहतं. करंट अगदी थोडा, पण अंगाला कळतो. अंगणात खड्डा खणून कोळसा-मीठ घालून पाइप पुरला, वायर खोलीपर्यंत ओढली. दोन्ही आकडे सारखे आले, झिणझिण्या गेल्या. मे महिन्यात आमची काळी जमीन भेगाळते, खड्डा कोरडा पडतो. मामांच्या सांगण्यावरून दर रविवारी त्यात दोन बादल्या भांड्याचं पाणी ओतते. कॉम्प्युटर घेणाऱ्याने आधी हे बघावं असं मी आता प्रत्येकाला सांगते.

उन्हाळा जड गेला. दुपारी खोलीत ४० अंश, थ्रीडी काढताना प्रोसेसर ९५ अंशांना टेकायचा. ती त्याची मर्यादाच आहे, तिथे पोचला की तो स्वतःहून वेग कमी करतो. एप्रिल-मेमध्ये त्याला ४५ वॅटच्या इको मोडवर, म्हणजे कमी वीज घेणाऱ्या सेटिंगवर, ठेवला. काम थोडं सावकाश, पण तापमान ८०च्या आत. सोबत आलेला कूलर परभणी भागाच्या उन्हाळ्याला पुरत नाही. परत घ्यायचं झालं तर मी मोठा कूलर घेईन आणि ग्राफिक्स कार्ड एक पायरी खालचं घेईन. पुढच्या जाळीवर पंधरा दिवसांत धुळीचा थर बसतो. रंगाच्या ब्रशने झाडते.

एप्रिलमध्ये मानवतच्या एका मुलीने असाच कॉम्प्युटर जोडला. रात्री साडेनऊला तिचा फोन आला, पिवळी लाइट लागलीय, डिस्प्ले नाही, बंद करू का. मी म्हटलं, दोन्ही रॅमची दोन्ही टोकं बघ, एकदा चालू कर आणि जेवायला बस. साडेसहा मिनिटांनी बायोसच्या पडद्याचा फोटो आला.