हाँगकाँग डिस्नेलँड, चार माणसं, दोन लाख पाच हजार: नऊ महिन्यांच्या जुळवाजुळवीचा अनुभव

मार्चमध्ये लेकीनं हट्ट धरला आणि नोव्हेंबर संपता संपता आम्ही जाऊन आलो. मधल्या काळात तीन गोष्टी सतत वापरल्या: गूगल फ्लाइट्सचे भाव कळवणारे ईमेल, बँकेचं फॉरेक्स कार्ड (परकीय चलन आधीच भरून ठेवायचं कार्ड) आणि एक्सेलमध्ये केलेली माझी हिशोबाची वही. मी, नवरा, सहा वर्षांची लेक आणि सदुसष्टची आई असे चौघं होतो. पाच रात्री, सगळं धरून 2 लाख 5 हजार. एका टूर कंपनीनं माणशी 1 लाख 10 हजार सांगितले होते, वर टीसीएस, म्हणजे आधीच कापून घेतलेला आयकर. तो रिटर्नमध्ये वळता होतो हे खरं, पण तोवर आपलेच पैसे अडकून पडतात.

डिस्नेची जगात सहा ठिकाणं आहेत, म्हणून वहीतही आधी सहा रकाने होते. अमेरिकेतले दोन पहिल्याच रात्री गेले: व्हिसाची नुसती फी माणशी 185 डॉलर, नाकारला तरी परत मिळत नाही. पॅरिसला शेंगेन व्हिसाचे मोठ्या माणसाला 90 युरो. टोकियोवर नवऱ्याचा जीव अडकला होता, पण चार विमानतिकिटांची बेरीज पाहून तो आपणहून गप्प झाला. शांघायपर्यंत मी पोहोचलेच नाही, कारण तेवढ्यात हाँगकाँगच्या तिकीटदरात एक ओळ दिसली: साठीच्या पुढे 100 हाँगकाँग डॉलर. म्हणजे अकराशे रुपयांच्या आसपास. आम्हा दोघांना माणशी साडेसात हजारांच्या आत आणि आईला अकराशे! आईला सांगितलं तर म्हणाली, "म्हणजे एसटीपेक्षाही जास्त सवलत की गं." तिथेच ठरलं.

आपल्या पासपोर्टवर हाँगकाँगला पर्यटनासाठी व्हिसा लागत नाही, ऑनलाइन पूर्वनोंदणी करावी लागते. ती फुकट आहे, सहा महिने चालते आणि दर खेपेला चौदा दिवस राहता येतं. हे वाचून मी जरा जास्तच निर्धास्त झाले. आईचा फॉर्म रात्री साडेअकराला भरला, सवयीनं आधार कार्डावरचं स्पेलिंग टाकलं, आणि पासपोर्टवर तिच्या नावात एक 'ए' कमी आहे हे नवऱ्याला प्रिंट काढताना दिसलं. असा कागद विमानतळावर चालत नाही. पुन्हा नोंदणी केली, एका झटक्यात झाली, पण तिकिटावरही तेच चुकलेलं नाव होतं. ते दुरुस्त करायला तिकीट काढून देणाऱ्या साइटनं अठराशे रुपये घेतले. चूक माझीच, तरी एका अक्षराला अठराशे म्हणजे काय! पासपोर्ट समोर उघडा ठेवल्याशिवाय एकही रकाना भरू नका. आणि नोंदणीची स्लिप कोऱ्या ए-फोर कागदावर छापून न्या, मोबाइलमधला फोटो पुरत नाही.

आता भावांच्या ईमेलविषयी. मे ते जुलै रोज सकाळी चहाबरोबर तो आलेख बघायचा नाद लागला होता, शेअर बाजार बघतात तसा. खरं सांगायचं तर ईमेलनं फारसं वाचवलं नाही, तारखेनं वाचवलं. उन्हाळ्याच्या सुट्टीत तिकडे उकाडा आणि पाऊस, जुलै ते सप्टेंबर वादळांचा जोर, आणि मोठ्या वादळाचा इशारा लागला की पार्कच बंद. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात चीनची राष्ट्रीय सुट्टी, म्हणजे गर्दी विचारू नका. दिवाळीत इकडून जाणारं विमान महाग. उरला नोव्हेंबरचा शेवट: हवा कोरडी, शाळेचे चारच दिवस बुडतात. त्या तारखा टाकल्याबरोबर भाव माणशी सात-आठ हजारांनी खाली आला. ईमेलचा उपयोग एवढाच झाला की 28,600 हा आकडा दिसल्यावर 'अजून उतरेल' असं म्हणत बसले नाही.

एक ठेच मात्र लागली. जूनमध्ये 23 हजारांचं तिकीट दिसलं म्हणून मी आईला फोनसुद्धा करून टाकला. आत जाऊन बघते तर सामान फक्त सात किलो, हातातलं. बॅगेचे जाता-येता पैसे, वर शेवटच्या पानावर 'सोयीचा आकार' आणि आपोआप टिक झालेला विमा. बेरीज 29 हजारांच्या पुढे. भाव कळवणारा ईमेल यातलं काही सांगत नाही.

उशीर झाल्याचा एक फायदा अनपेक्षित होता. तिथल्या खाणगाडीच्या रोलर कोस्टरला, बिग ग्रिझली माउंटनला, 112 सेंटिमीटर उंची लागते. मार्चमध्ये स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीवर पेन्सिलीनं खूण केली तेव्हा लेक 109 भरली. मग दर महिन्याच्या एक तारखेला टाच भिंतीला टेकवून उभं राहायचा कार्यक्रम सुरू झाला. दूध न सांगता प्यायली जाऊ लागली. प्रत्यक्ष पार्कात तिथल्या मुलीनं मोजायची काठी आडवी धरली, लेकीनं श्वास रोखून मान ताणली, आणि काठी तिच्या केसांना नाही, थेट कपाळाला लागली. त्यानंतर ती त्या गाडीत तीनदा बसली. मी एकदाच, गाडी मध्येच उलटी, मागे धावते हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

राहायला चिमशाचुई भागात. खोली एवढीशी की बॅग उघडायची तर कुणीतरी पलंगावर चढायचं. पण विमानतळावरून ए-21 ही दुमजली बस थेट नेथन रोडला येते, एअरपोर्ट एक्स्प्रेसच्या साधारण एक तृतीयांश पैशांत. आणि जवळच चुंगकिंग मॅन्शन्स ही भारतीय खाणावळी असलेली इमारत, जिथे आईला वरण-भाताच्या जवळपास जाणारं काहीतरी रोज मिळालं. फिरायला ऑक्टोपस कार्ड घ्याच: मोठ्यांचं दीडशे हाँगकाँग डॉलरचं, त्यात पन्नास अनामत. मेट्रो, बस, स्टार फेरी, कोपऱ्यावरचं दुकान, सगळीकडे टेकवायचं. डिस्नेची गाडी सनी बे स्टेशनला बदलावी लागते. तिच्या खिडक्या मिकीच्या आकाराच्या आहेत. आई म्हणाली, "खिडकीला उंदराचे कान कशाला?" आणि मग तिनंच त्या खिडकीजवळ फोटो काढून घेतला.

पार्क इतर ठिकाणांच्या मानानं लहान आहे, यावर नेटवर लोक नाक मुरडतात. आमच्यासारख्यांना तोच मोठा गुण. आईला घेऊन एका दिवसात सगळं झालं आणि दुसऱ्या दिवसाचं तिकीट वाचलं. 2023 मध्ये उघडलेल्या फ्रोझनच्या भागात सकाळी दार उघडताच गेलो, तरी होडीसाठी पाऊण तास रांग. रांग टाळायचे जादा पैसे भरले नाहीत. मंगळवार होता, गरज पडली नाही. मिस्टिक मॅनर ही राइड मात्र चुकवू नका, आई तिथे दोनदा गेली. रात्री किल्ल्यावरचा प्रकाशाचा खेळ बघायला लोक तासभर आधी जमिनीवर बसतात. आईनं पिशवीतून जुनी सुती साडी काढून चौपदरी अंथरली. शेजारचं कुटुंब थंड फरशीवरून आमच्याकडे हेव्यानं बघत होतं.

फॉरेक्स कार्डाला दहापैकी सहा. दर आधीच बांधलेला असल्यामुळे डोकं शांत राहतं, पण भरताना शुल्क, वर जीएसटी. दुकानात मशीन 'रुपयांत भरू का?' असं विचारतं, तेव्हा नेहमी हाँगकाँग डॉलरच निवडायचं; रुपयांचा दर ते आपल्या सोयीनं लावतात. मी पहिल्या दिवशी दमून भलतंच बटण दाबलं आणि एका जेवणात दीडशे रुपये जास्त गेले. कार्डावर अजून 318 हाँगकाँग डॉलर शिल्लक आहेत. परत घ्यायला शाखेत जाऊन फॉर्म भरायचा. दोनदा गेले, एकदा सही जुळली नाही, एकदा ते काम बघणारे साहेब रजेवर होते.